फुकट मिळणारी संगणक-साधने आणि आपला विद्यार्थी



काही महिन्यांपूर्वी ईट येथे शिक्षकांच्या बैठकीस जाण्याचा योग आला. बैठक आटोपल्यावर एक शिक्षिका मागे थांबल्या. आपला भ्रमणध्वनी पुढे करून त्यांनी विचारले, “साहेब, हा संदेश खरा आहे काय?” संदेशात लिहिले होते की, शासन प्रत्येक विद्यार्थ्यास लॅपटॉप विनामूल्य देणार असून त्यासाठी खालील दुव्यावर नाव नोंदवावे. त्यांच्या शाळेतील एका मुलीच्या भावाने त्या दुव्यावर आपल्या बहिणीचे नाव, आधार क्रमांक आणि बँक खात्याचा क्रमांक भरला होता. ‘नोंदणी शुल्क’ म्हणून ४९९ रुपयेही पाठविले होते. त्यानंतर भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त अंक विचारण्यात आला, तेव्हा मात्र त्यास शंका आली आणि तो धावत शाळेत आला. ज्या खात्याचा क्रमांक दिला गेला होता, त्यात त्या मुलीच्या शिष्यवृत्तीची रक्कम होती. मायबाप ऊसतोडीस गेलेले, घरी आजी. ती रक्कम वाचली. ४९९ रुपये मात्र गेले ते गेलेच.

मी तो संदेश निरखून पाहिला आणि ओशाळलो. चार दिवसांपूर्वी तोच संदेश मीही एका शिक्षक-गटावर पुढे पाठविला होता. मुलांचे भले होईल, या सद्हेतूनेच पाठविला होता. परंतु वाचून, पारखून पाठविला नव्हता. गावात ‘गुरुजींनी पाठविले’ या दोन शब्दांना केवढे वजन असते, हे आपण जाणताच. त्या वजनाचा उपयोग एका भामट्याने करून घेतला आणि तो करून घेण्यास मी साहाय्य केले. प्रस्तुत लेख त्या चुकीची अंशतः भरपाई म्हणून लिहीत आहे.

या घटनेनंतर काही शिक्षकांनी निराळाच निष्कर्ष काढला. ‘फुकट ते सारे खोटे, अशा वाटेस मुलांना जाऊच देऊ नये,’ असे ते म्हणू लागले. हा निष्कर्षही तितकाच हानिकारक आहे. कारण विद्यार्थ्यांसाठी खरोखर विनामूल्य असलेली उत्तम साधने आज विपुल आहेत, आणि त्यांची सर्वांत अधिक गरज आपल्याच मुलांना आहे. शहरातील मूल विकत घेऊ शकते. आपल्या मुलास ‘विनामूल्य’ हेच एक द्वार उघडे आहे. ते बंद करून कसे चालेल? ‘धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत’ अशी म्हण आहे. या व्यवहारात मात्र दात अवश्य मोजावेत, आणि गाय खरी निघाल्यास आनंदाने दावणीस बांधावी.

‘फुकट’चे पाच प्रकार

फुकट या एकाच शब्दाखाली पाच वेगवेगळ्या गोष्टी वावरतात. त्यांची फोड प्रथम करावयास हवी.

पहिला प्रकार मुक्त आज्ञावलींचा. ज्यास आपण सॉफ्टवेअर म्हणतो, ती लिहिणाऱ्यांनीच ती सर्वांस वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि इतरांस देण्याची मोकळीक दिलेली असते. दुसरा प्रकार लोकनिधीतून किंवा सेवाभावी संस्थांनी निर्माण केलेल्या शैक्षणिक सामग्रीचा. तिसरा प्रकार विद्यार्थी-सवलतींचा : एरव्ही विकली जाणारी वस्तू कंपनी विद्यार्थ्यास, तो विद्यार्थी आहे तोवर, विनामूल्य देते. चौथा प्रकार चाखण्यापुरत्या फुकटाचा : काही दिवस मोफत, पुढे पैसे, अथवा पैशांऐवजी जाहिराती आणि आपली खासगी माहिती. पाचवा प्रकार चोरीचा व फसवणुकीचा.

पहिले दोन प्रकार निःशंकपणे स्वीकारावेत. तिसरा अटी वाचून स्वीकारावा. चौथ्यात सावध असावे. पाचवा टाळावा. आता एकेकाचा विचार करू.

मुक्त आज्ञावली

१९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी घोषणा केली की, कोणासही मुक्तपणे वापरता येईल अशी संपूर्ण संगणक-प्रणाली आपण उभारणार आहोत. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा लिहून प्रसिद्ध केला. या दोन प्रयत्नांच्या संगमातून जी प्रणाली निर्माण झाली, तिच्यावर आज जगातील असंख्य यंत्रे चालतात. आपल्या हातातील अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सच आहे. तेव्हा ‘फुकटचे ते हलके’ हा समज येथे लागू पडत नाही.

शाळेच्या दृष्टीने याचा प्रत्यक्ष लाभ कोणता? अनेक शाळांत लोकवर्गणीतून किंवा योजनेतून आलेले जुने संगणक आच्छादनाखाली झाकून ठेवलेले असतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि पुढची प्रणाली पुष्कळशा जुन्या यंत्रांवर बसत नाही. म्हणून ही यंत्रे निकामी झाली असे समजण्याचे कारण नाही. ‘लिनक्स मिंट’ ही विनामूल्य प्रणाली दोन गिगाबाइट स्मृती असलेल्या यंत्रावरही चालते. चार असल्यास अधिक सुखाने चालते. विशेष सोय अशी की, ती पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते. यंत्रावर ध्वनी, छपाईयंत्र, इंटरनेट ही सारी नीट चालतात, अशी खात्री पटल्यावरच ती कायमची बसवावी. आपल्या देशातही प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, ‘बॉस’ नावाची लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली तयार केली आहे. केरळ राज्यात तर सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण अनेक वर्षांपासून मुक्त आज्ञावलींवरच चालत आहे. जे केरळच्या खेड्यात साधले, ते बालाघाटाच्या माथ्यावर का साधू नये?

एक सूचना मात्र ध्यानी ठेवावी. शाळेचा संगणक जडसंग्रह नोंदवहीतील वस्तू आहे. त्यावरील प्रणाली बदलण्यापूर्वी मुख्याध्यापकांची व शाळा व्यवस्थापन समितीची संमती घ्यावी, आणि जुनी कागदपत्रे व निकालपत्रके दुसरीकडे उतरवून ठेवावीत.

लेखन, तक्ते व सादरीकरण यांसाठी ‘लिब्रे ऑफिस’ हा संच उपलब्ध आहे. २०१० साली त्याचा आरंभ झाला. तो मराठीतूनही वापरता येतो. गुणपत्रके, पोषण आहाराचा हिशेब, हजेरीचे गोषवारे ही सर्व कामे त्यात उत्तम होतात. भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’, आकाशदर्शनासाठी ‘स्टेलॅरियम’, चित्रकलेसाठी ‘टक्स पेंट’ ही साधने आहेत. स्टेलॅरियममध्ये आपल्या गावाचे स्थान निवडले की, आज रात्री आपल्या आकाशात कोणते ग्रह दिसतील ते मुलांना दुपारीच दाखविता येते. रात्री अंगणात उभे राहून त्यांनी ते पडताळून पाहावे. देवनागरी टंकलेखनासाठी ‘मुक्ता’सारखे सुबक अक्षरसंच विनामूल्य मिळतात, आणि इनस्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक प्रत्येक प्रणालीत असतोच. त्यासाठी पैसे मागणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा.

लोकनिधीतील शैक्षणिक सामग्री

बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. राष्ट्रीय पातळीवर २०१७ साली ‘दीक्षा’ हा मंच सुरू झाला. पाठ्यपुस्तकातील चौकोनी ठिपक्यांचे चिन्ह, ज्यास क्यूआर कोड म्हणतात, ते भ्रमणध्वनीने टिपले की, त्या पाठाची दृक्‌श्राव्य सामग्री उघडते. पाठ्यपुस्तकात असे चिन्ह घालण्याचा प्रयोग आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी केला होता. त्यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लक्ष डॉलरांचा पुरस्कार मिळाला आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली, हे आपणांस ठाऊकच आहे. एका खेड्यातील शाळेत सुचलेली कल्पना राज्यभर पोहोचू शकते, हा त्यातील बोध आपल्यासाठी मोलाचा आहे.

आपल्या भागातून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस जातात. कारखान्याच्या तळावर इंटरनेट मिळेलच असे नाही. दीक्षावरील पाठ भ्रमणध्वनीत उतरवून ठेवता येतात आणि मग ते इंटरनेटवाचून पाहता येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंब निघण्यापूर्वी शिक्षकाने पालकांच्या भ्रमणध्वनीत त्या वर्गाचे पाच-दहा पाठ व दहा गोष्टी उतरवून दिल्या, तर ते मूल शाळेपासून सर्वस्वी तुटत नाही. यास पाऊण तासाहून अधिक वेळ लागत नाही.

गोष्टींसाठी प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेला ‘स्टोरीवीव्हर’ हा संग्रह आहे. त्यात मराठी गोष्टी असून त्या उतरविण्यास, छापण्यास व वाटण्यास मोकळीक आहे. केवळ लेखक-चित्रकारांचे श्रेय नमूद करावे लागते. विज्ञानासाठी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प आहे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनी तो २००२ साली सुरू केला. विद्युत मंडल, तरफ, घनता यांचे प्रयोग त्यात पडद्यावर करता येतात आणि त्यांतील अनेक मराठीत आहेत. मात्र फेटवर मंडल जोडून झाले की, खरी बॅटरी व खरा दिवाही मुलांच्या हाती द्यावा. पडद्यावरील प्रयोग ही प्रयोगाची पूर्वतयारी होय. त्याने प्रत्यक्ष प्रयोगाची जागा घेऊ नये. शिक्षकांस स्वतः शिकावयाचे असल्यास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम लिब्रे ऑफिससारख्या आज्ञावलींचे धडे मराठीतूनही देतो.

विद्यार्थी-सवलती : कोणास व कशा

आपल्या शाळेतून गेलेली मुले पुढे तंत्रनिकेतनात व महाविद्यालयात जातात आणि सल्ला विचारावयास आपल्याकडेच येतात. म्हणून हा प्रकारही आपणांस ठाऊक असावा.

कंपन्या विद्यार्थ्यांस महागडी साधने विनामूल्य का देतात? बियाण्याचा व्यापारी हंगामापूर्वी नमुन्याची पिशवी का देतो, याचे जे उत्तर तेच याचे. ज्या साधनावर हात बसला, तेच माणूस पुढे नोकरीत मागतो. यात लबाडी नाही; परंतु हा व्यवहार आहे, दान नव्हे, हे विद्यार्थ्यास समजले पाहिजे.

अभियांत्रिकी रेखाटनाची ऑटोडेस्क कंपनीची साधने पात्र विद्यार्थ्यांस एकेका वर्षासाठी मिळतात व विद्यार्थी असेतोवर मुदत वाढविता येते. संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी गिटहब कंपनीने २०१४ पासून ‘स्टुडंट डेव्हलपर पॅक’ हा अनेक साधनांचा संच ठेवला आहे; त्यासाठी वय किमान १३ वर्षे असावे लागते. मायक्रोसॉफ्टचा लेखन-तक्त्यांचा संच पात्र शिक्षणसंस्थांच्या विद्यार्थ्यांस इंटरनेटवरून विनामूल्य वापरता येतो. चित्रे, तक्ते, भित्तिपत्रके करण्यासाठी ‘कॅनव्हा’ची शैक्षणिक आवृत्ती शालेय शिक्षकांस पडताळणीनंतर विनामूल्य मिळते, आणि शिक्षकामार्फत ती त्याच्या विद्यार्थ्यांसही वापरता येते.

या सर्वांत पडताळणीची रीत साधारण एकच असते. संस्थेने दिलेला ई-मेल पत्ता अथवा ओळखपत्र वा प्रवेशाची पावती यांवरून अर्जदार खरोखर विद्यार्थी आहे, याची खात्री केली जाते. म्हणून महाविद्यालयात प्रवेश मिळताच संस्थेचा ई-मेल पत्ता मागून घ्यावा, असे आपल्या माजी विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावे. पुष्कळ मुलांस तो पत्ता दिलेला असतो, पण ती तो कधी उघडतच नाहीत.

मुदतीकडेही लक्ष असावे. २०२५ साली गूगल कंपनीने भारतातील १८ वर्षांवरील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस आपली सशुल्क कृत्रिम बुद्धिमत्ता-सेवा एक वर्षासाठी विनामूल्य देऊ केली होती. नावनोंदणीस ठरावीक मुदत होती. अशा वेळी वर्ष कधी संपते आणि त्यानंतर पैसे आपोआप वळते होतात काय, हे दोन प्रश्न विचारावेत व संपण्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

खेळांविषयी दोन शब्द

‘या दुव्यावर टिचकी मारा, हजार नाणी फुकट मिळवा,’ अशी प्रलोभने मुलांच्या भ्रमणध्वनीवर येतात. खेळातील नाणी किंवा पोशाख फुकट देणारा अनोळखी दुवा बहुधा मुलाचे खाते किंवा बापाचे पैसे हिरावण्यासाठीच असतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे, हे पालकसभेत अवश्य सांगावे.

परंतु केवळ ‘खेळू नका’ म्हणून मूल थांबत नाही. त्याच्या हाती अधिक चांगला खेळ द्यावा लागतो. ‘लिचेस’ हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ संपूर्ण विनामूल्य असून तेथे जाहिराती नाहीत. खाते न उघडताही संगणकाशी डाव मांडता येतो. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिलांची विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा जिंकून आली, तेव्हा आपल्या मुलींनी तिचे छायाचित्र किती कौतुकाने पाहिले! दुसरे साधन ‘स्क्रॅच’. अमेरिकेतील एमआयटी संस्थेने २००७ साली ते प्रसिद्ध केले. त्यात रंगीत ठोकळे जोडून मूल स्वतःच खेळ तयार करते, आणि संगणकावर एकदा बसविल्यावर त्यास इंटरनेट लागत नाही. खेळ खेळणाऱ्या मुलापेक्षा खेळ रचणारे मूल अधिक शिकते. त्यास दिशा, क्रम, ऋण संख्या, कोन यांची गरज पडते व ती गरज त्यास स्वतःहून गणिताकडे नेते.

चोरी व फसवणूक ओळखणे

चोरून उतरविलेल्या आज्ञावली शाळेत वापरू नयेत. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमान्वये संगणक-आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. शिवाय अशा प्रतींबरोबर विषाणू येतात. मी स्वतः एकदा एका दुकानातून स्वस्तात अशी प्रत आणली होती. आठवड्यात एका केंद्राचे वर्षभराचे गुणतक्ते नाहीसे झाले आणि ते पुन्हा लिहिण्यात माझी उन्हाळ्याची सुट्टी गेली. परंतु याहून मोठे कारण हे की, वर्गात प्रामाणिकपणाचा पाठ देणाऱ्या शिक्षकाच्या मेजावर चोरीची वस्तू शोभत नाही. आणि विनामूल्य मुक्त साधन उपलब्ध असता तशी गरजही उरत नाही.

फसवे संदेश ओळखण्यासाठी पुढील पाच प्रश्न वर्गाच्या फळ्यावर लिहावेत :

१. देणारा कोण? त्याचे नाव व अधिकृत संकेतस्थळ स्वतंत्रपणे शोधून सापडते काय?
२. फुकट वस्तूसाठी ‘शुल्क’ मागितले आहे काय?
३. आधार क्रमांक, बँक खाते, गुप्त अंक मागितले आहेत काय?
४. ‘आजच शेवटचा दिवस’, ‘दहा जणांस पाठवा’ अशी घाई आहे काय?
५. शासनाची योजना असल्यास शिक्षण विभागाचे पत्र अथवा शासन निर्णय आहे काय?

दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या प्रश्नास ‘होय’ असे उत्तर आले की, तेथेच थांबावे. पहिल्या वा पाचव्यास ‘नाही’ असे उत्तर आले तरी थांबावे. विनामूल्य लॅपटॉप वाटपाचे संदेश खोटे असल्याचे केंद्र शासनाच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी विभागाने वेळोवेळी जाहीर केले आहे. पैसे गेल्याचे कळताच क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा व बँकेसही कळवावे. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक.

मुलांच्या माहितीविषयी आपणही दक्ष असावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती असावी असे ठरविले आहे. तेव्हा संपूर्ण वर्गाची जन्मतारखांसह यादी कोणत्याही अनोळखी अ‍ॅपमध्ये भरू नये. शक्य तेथे शिक्षकाने स्वतःचे एकच खाते उघडून वर्गास दाखवावे.

आरंभ कसा करावा

एकाच वेळी सारे हाती घेऊ नये. पहिल्या महिन्यात एका जुन्या संगणकावर पेनड्राइव्हवरून मुक्त प्रणाली चालवून पाहावी. दुसऱ्या महिन्यात लिब्रे ऑफिसमध्ये वर्गाचे एक गुणपत्रक करावे व सातवीच्या दोन मुलांस स्क्रॅच दाखवावे. ती दोघे इतरांस शिकवितील. तिसऱ्या महिन्यात पालकसभा घेऊन वरील पाच प्रश्न समजावून सांगावेत. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या भ्रमणध्वनीत पाठ उतरवून देण्याचे काम मात्र हंगामापूर्वी नेमाने व्हावे.

ईटच्या त्या मुलीची भेट अलीकडे पुन्हा झाली. तिला लॅपटॉप मिळालेला नाही. पण शाळेतील आच्छादनाखालचा एक जुना संगणक तिच्या बाईंनी चालू केला असून त्यावर ती टंकलेखन शिकते. तिने लिहिलेला पहिला मजकूर मला दाखविला. तो मजकूर म्हणजे वरील पाच प्रश्नच होते. तिच्या बाईंनी ते छापून पालकांस वाटले. माझ्या हातून पुढे गेलेल्या त्या एका खोट्या संदेशावर याहून योग्य उतारा मला सुचला नसता. यापुढे कोणताही संदेश पुढे पाठविण्यापूर्वी मी तो कागद काढून वाचतो. आपणही तसे करावे, ही विनंती.